९८ आलं, तर ९८ लिहा

दहावीच्या जर्नलमधलं एक पान माझ्यासमोर उघडं आहे. साहित्य, कृती, आकृती, सगळं नीटनेटकं. निरीक्षणाच्या तक्त्यात मात्र शेवटच्या चार ओळींवर खोडरबर इतका घासलाय की कागद पातळ झालाय. पान उजेडाकडे धरलं की खाली पेन्सिलीतला ९८ दिसतो. चारही ओळींत ९८. त्यावर निळ्या शाईत १०० लिहिलेलं आणि शेजारी लाल शाईत बरोबरची खूण.

जर्नल माझ्या मुलीचं. प्रयोग अप्रकट उष्म्याचा. बीकरमध्ये बर्फ घ्यायचा, त्यात थर्मामीटर उभा करायचा, खालून उष्णता देत राहायची आणि दर मिनिटाला तापमान टिपून आलेख काढायचा. बर्फ वितळेपर्यंत पारा शून्यावर थांबतो, मग चढू लागतो, पाणी उकळायला लागलं की पुन्हा थांबतो. पाच मुलींच्या गटाचा पारा ९८ वर थांबला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, डोळा रेघेच्या पातळीत आणून वाचलं. ९८. सरांना दाखवलं. सर म्हणाले, ‘पाणी शंभरला उकळतं. थर्मामीटर जुना आहे. शंभर लिहा.’ सगळ्या बॅचने शंभर लिहिलं.

शाळा पुण्यातली, एवढंच सांगते.

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. उंचावर हवेचा दाब कमी, आणि दाब कमी म्हणजे पाण्याला उकळायला कमी तापमान पुरतं. ढोबळमानाने दर तीनशे मीटरला एक अंश. त्या हिशेबाने पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळायला हवं. एकेका अंशाच्या खुणा असलेल्या थर्मामीटरवर पंधरा वर्षांच्या मुलींनी जितकं अचूक वाचता येईल तितकं अचूक वाचलं होतं. त्यांच्या हाती खरं उत्तर आलं होतं. पुस्तकातलं शंभरही खरंच आहे, पण समुद्रकाठच्या हवेच्या दाबाला. हेच पुस्तक मुंबईतल्या मुलीच्या हातात असतं आणि पाचगणीच्या शाळेतल्या मुलाच्याही. तिघांची पाणी उकळण्याची तापमानं तीन, आणि तिघांच्या जर्नलमध्ये आकडा एकच.

त्या क्षणी वर्गात काय काय होऊ शकलं असतं, याचा विचार मनातून जात नाही. ‘सगळ्या गटांचं किती आलं?’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. आठ गटांचे आठ आकडे फळ्यावर आले असते. थर्मामीटर खराब असता तर एखादाच गट वेगळा पडला असता. आठही गट ९८ च्या आगेमागे आले असते, तर प्रश्न थर्मामीटरचा उरलाच नसता. मग कुणीतरी विचारलं असतं, मग पुस्तकात शंभर का? तिथून हवेचा दाब आला असता, घरातला कुकर आला असता. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊन उकळतं आणि डाळ लवकर शिजते, हे त्या मुली रोज स्वयंपाकघरात बघतात. एका तासात किती दारं उघडली असती! सगळी एका खोडरबराने बंद झाली.

आणि त्या आलेखात शंभरचं महत्त्व तरी किती? खरी गंमत आडव्या रेघेत आहे. खाली ज्योत चालूच आहे, उष्णता आत जातेच आहे आणि पारा मात्र हलत नाही. ही उष्णता जाते कुठे? अठराव्या शतकात ग्लासगोला जोसेफ ब्लॅक या प्रश्नापाशी थबकला आणि त्यातून अप्रकट उष्म्याची कल्पना निघाली. रेघ ९८ वर आडवी झाली काय आणि १०० वर झाली काय, ब्लॅकचा प्रश्न तोच राहतो. मुलींना तो दिसला होता. सरांना आकडा दिसला.

सरांवर राग काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. एका बॅचला तीसचाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा मिनिटं हजेरीत आणि सामान मांडण्यात जातात. स्पिरिट लॅम्प चारच, त्यातल्या एकाची वात संपलेली. दहावीला विज्ञानाच्या शंभर गुणांत वीस प्रात्यक्षिकाचे, आणि जर्नल तपासणाऱ्याला सगळी जर्नलं सारखी दिसली की हायसं वाटतं. वेगळा आकडा म्हणजे शंका, शंका म्हणजे गुण जाण्याची भीती. सरांनी मुलींचे गुण वाचवले. त्यांच्या जागी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं, कारण मीही याच रीतीत वाढले. बारावीला साध्या दोलकाच्या प्रयोगात आम्ही आधी ९८० लिहून ठेवायचो आणि मग त्यावरून आंदोलनांचे सेकंद उलटे काढायचो. वरच्या वर्गातल्या मुलीचं जर्नल मिळालं की प्रयोगशाळेत जायचीही गरज नसे. निरीक्षण आधी, प्रयोग नंतर. याला आम्ही लबाडी म्हणत नव्हतो. जर्नल पूर्ण करणं म्हणत होतो. हे चुकीचं होतं हे मला आज, मुलीचं पान उजेडाकडे धरल्यावर, पहिल्यांदा पुरतं कळलं.

मुलांना विज्ञानाची गोडी लागत नाही, अशी तक्रार आपण सतत ऐकतो. मग गोडी लावण्याचे उपाय सुरू होतात. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आला की थर्माकोलचे ज्वालामुखी, फिरते सूर्यमाला देखावे, रामन यांच्यावरची भाषणं. बालवैज्ञानिक परीक्षांचे क्लास. महागडे किट. रोबोटिक्सची शिबिरं. यातलं काही वाईट नाही. पण ज्या मुलाला वर्षभर शिकवलंय की तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि पुस्तकात छापलेलं खरं, त्याला एका दिवसाच्या प्रदर्शनाने गोडी कशी लागणार? गोडी त्या ९८ मध्ये होती. ती त्याच्या हातात येऊन गेली.

वाफाळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून जगाचा नकाशा भरणारा एक शाळामास्तर आपल्याच देशात होऊन गेला. नैनसिंह रावत. कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा, गावच्या शाळेत शिकवणारा, म्हणून ‘पंडित’. १८६५ साली भारतीय सर्वेक्षण खात्याने त्याला तिबेटात पाठवलं. तिबेट तेव्हा परक्यांना बंद होतं, म्हणून यात्रेकरूच्या वेशात. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी ओढायचा, असं करत त्याने शेकडो मैल मोजले. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी टिपणांचे कागद लपवलेले. आणि उंची मोजायची कशी? मुक्कामावर पाणी उकळायचं, त्यात थर्मामीटर घालायचा आणि आकडा टिपायचा. पाणी जितक्या कमी अंशांवर उकळेल, तितकी जागा उंच. १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचल्यावर त्याने याच रीतीने शहराची उंची काढली. पुढे १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

नैनसिंहाने त्या थंडीत थर्मामीटरकडे बघून ‘पाणी शंभरला उकळतं’ असं लिहून टाकलं असतं, तर त्याच्या कागदावर ल्हासा समुद्रकाठी गेलं असतं. शाळेतल्या प्रयोगात जो फरक चूक म्हणून खोडला जातो, त्याच फरकावर तो उंची मोजत होता. दहावीच्या विज्ञानात उकळण्याच्या धड्याशेजारी या मास्तरांची गोष्ट असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मुलांसाठी, आणि त्यांच्या सरांसाठीही.

आलेल्या निरीक्षणाला मान देणारी शाळा आपल्याकडे कधी झालीच नाही असं नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली सोळा सरकारी शाळांत एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया इथलं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला, देशातल्या नावाजलेल्या संस्थांमधले शास्त्रज्ञ मदतीला आले, पुढे १९८२ पासून ‘एकलव्य’ने तो चालवला. सहावी ते आठवीची मुलं चार-चारच्या गटांत प्रयोग करत, सगळ्या गटांची निरीक्षणं फळ्यावर येत आणि त्यावर वर्गात चर्चा होई. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा. पुस्तकात उत्तरं लिहिलेलीच नव्हती, तर कॉपी कशाची करणार? मुलांच्या मनात प्रश्न आला की ती ‘सवालीराम’ला पत्र लिहीत आणि तिकडून उत्तर येई. शेकडो शाळांत पसरलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षांचं काम एका आदेशाने थांबलं, याचं दुःख त्यात राबलेल्यांना आजही आहे, आणि असायलाच हवं.

त्याच होशंगाबादला १९७८ साली पुण्यातल्या टेल्कोतला एक तरुण अभियंता वर्षभराची रजा काढून गेला. आठवडी बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या घेऊन त्याने कोन, त्रिकोण, घनाकृती बनवायला सुरुवात केली. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्यात आयुकातल्या विज्ञान शोधिकेत त्यांच्या खेळण्यांभोवती शाळाशाळांची मुलं कशी गोळा होत, ते पुणेकरांनी पाहिलंय. पैसा नाही, सामान नाही, ही सबब त्यांच्या कामापुढे टिकत नाही. आमच्या शाळेत तर बीकर होता, बर्फ होता, थर्मामीटरही होता. नव्हती ती ९८ लिहिण्याची मुभा.

आयुकाचं नाव आलं की खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आठवतात. २००८ साली त्यांनी पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी बरोबर होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, ज्योतिषांना आवाहन केलं, प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. सरासरी बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. नारळीकरांना आपलं मत मांडून थांबता आलं असतं, त्यांचा शब्द मोठाच होता. पण त्यांनी मोजलं, आलेला आकडा जसाच्या तसा छापला आणि मोजण्याची रीतही सगळ्यांसमोर ठेवली.

विज्ञान शिकलेला माणूस मोठेपणी पत्रिका बघितल्याशिवाय लग्न ठरवत नाही, व्हॉट्सॅपवर आलेला काढा बिनदिक्कत पुढे पाठवतो, याचं आपल्याला आश्चर्य वाटतं. मला आता वाटत नाही. तो शाळेत काय शिकला? ज्याचा अधिकार मोठा, त्याचं म्हणणं खरं. आपण पाहिलेलं त्याच्याशी जुळलं नाही तर आपलं खोडायचं. पुस्तकाच्या जागी कुणी बाबा आला, कुणी पुढारी आला, तरी सवय तीच. राज्यघटनेच्या ५१ (क) कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ पासून लिहिलेलं आहे. ते कर्तव्य शिकवण्याची जागा नागरिकशास्त्राच्या तासाइतकीच प्रयोगशाळेतल्या त्या निरीक्षणाच्या तक्त्यातही आहे.

पाणी हे एकच उदाहरण नव्हे. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य प्रत्येक मुलाच्या तोंडी असतं. शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवा, साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली किती वाजता पडते ते बघा. पुण्यात ती वर्षभरात एकाही दिवशी बाराला पडत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला ती पावणेएकच्याही पुढे जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या जरा पुढे येते. घड्याळ चालतं ते देशाच्या एका ठरलेल्या रेखांशावर, सूर्य मात्र प्रत्येक गावाला आपल्या वेळेने येतो. त्यातून पृथ्वीचं फिरणं, तिचा कललेला आस, तिची लंबवर्तुळाकार वाट, सगळं हळूहळू बाहेर पडतं. सूर्य अगदी डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होण्याचे दिवस महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोनच. कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५ मेच्या सुमारास, नागपूरला २६ मेच्या सुमारास, आणि दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये. दुसऱ्या खेपेला आभाळ भरलेलं असतं आणि पहिल्या खेपेला शाळांना सुट्टी. मग सुट्टीतल्या त्या एका दुपारी बारा वाजताच मुलांना मैदानात बोलवावं. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि आपल्या गावाची वेळ मुलांनी स्वतः काढावी, छापील तक्त्यातून उतरवू नये.

माझी मागणी साधी आहे आणि ती शिक्षण मंडळाकडे, शाळांकडे आणि माझ्यासारख्या पालकांकडेही आहे. जर्नलमधल्या निरीक्षणाच्या तक्त्याला शेजारी आणखी एक रकाना द्या. एकात पुस्तकातला आकडा, दुसऱ्यात आलेला. दोन्हींत फरक असेल तर तो का असावा, यावर मुलाला दोन ओळी लिहू द्या आणि गुण त्या दोन ओळींना द्या. तपासणाऱ्याला सगळ्या वर्गाचे आकडे दशांशापर्यंत सारखे दिसले, तर प्रश्न त्याने तिथे विचारावा. मुलाने ‘आमचं ७० आलं, कारण आमचा थर्मामीटर पाण्यात बुडालाच नव्हता, वर वाफेत होता’ असं लिहिलं, तर ते पान सुबक खोट्या पानापेक्षा सरस मानावं. पाठ्यपुस्तकं जागोजागी ‘करून पहा’ म्हणतात. करून पाहिल्यावर जे दिसतं, ते लिहिण्याची मोकळीक त्याच हुकमात यायला हवी. यासाठी नवं किट लागत नाही, नवी इमारत लागत नाही. सरांना वेळ मात्र लागेल. निवडणुका, सर्वेक्षणं, अर्ज भरणं, अ‍ॅपवर माहिती चढवणं यातून विज्ञानाच्या शिक्षकाचे आठवड्यातले दोन तास सोडवणं सरकारच्या हातात आहे.

आणि आपण पालकांनीही ‘गुण गेले तर?’ हा प्रश्न मुलाच्या आधी विचारायचं थांबवावं. त्या दिवशी माझ्याही तोंडात तोच आला होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिंहगडावर गेलो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून ११० अंशांपर्यंतचा एक थर्मामीटर घेतला होता, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून लेकीने तो पाठपिशवीत जपून नेला. निघण्याआधी घरच्या गॅसवर पाणी उकळून आकडा टिपला होता. ९८. वर पिठलं-भाकरी देणाऱ्या एका मावशींना ती म्हणाली, ‘मावशी, चहा टाकायच्या आधी नुसतं पाणी उकळून देता का?’ मावशींनी पातेलं चुलीवर ठेवलं. लाकडं ओली होती, वेळ लागला. पाणी चांगलं खळखळायला लागल्यावर तिने थर्मामीटर दोरीने धरून बुडवला, तळाला टेकू दिला नाही, आणि खाली वाकून रेघेशी डोळा आणला.

‘किती ताप आहे पाण्याला?’ मावशींनी विचारलं.

‘साडेपंच्याण्णव.’ मग पुन्हा बघून, ‘पंच्याण्णव आणि शहाण्णवच्या मधे.’

सिंहगड सुमारे १३०० मीटर उंच. तिने गुडघ्यावर वही ठेवून तारीख लिहिली, वेळ लिहिली, ‘सिंहगड, चूल, झाकण नाही’ असं लिहिलं आणि त्यापुढे ९५.५. मग थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि म्हणाली, ‘आई, आत्याकडे दादरला गेलो ना, की तिथेही करायचं. आणि त्या पानावर मी सरांना विचारून परत ९८ लिहिणार आहे.’